खिंडीपर्यंतचा पाठलाग

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती-कक्षात, दरवाजातून शिरल्यावर डाव्या हाताच्या फळीवर मी असते. तुमच्यातले बरेच जण मला उचलतात, डोळ्याला लावतात, उजव्या बाजूने काहीच दिसत नाही म्हटल्यावर "ही बिघडलीय" असे म्हणून परत ठेवतात. मी बिघडले आहे हे खरेच आहे. पण मी कशी बिघडले, हे आजवर कुणी विचारले नाही. तेव्हा न विचारताच सांगते.

माझा जन्म एका लांबट, उंच खिडक्यांच्या कारखान्यात झाला. भिंगे एका दालनात घासली जात, लोलक दुसऱ्या दालनात बसवले जात, आणि सगळ्यांत शेवटी एक चष्मेवाली बाई दोन नळ्यांची जुळणी करत असे. तिचे काम सर्वांत नाजूक. दोन डोळ्यांना दोन चित्रे दिसली तर माणसाचे डोके दुखते. ती दोन्ही मिळून एकच दिसली पाहिजेत. तिने मला खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर रोखले, बारीक स्क्रू फिरवले, पुन्हा रोखले, आणि म्हणाली, "झालं. आता एकच शिडी दिसतेय." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिथून मी या उद्यानात आले. इथल्या जुन्या वनरक्षकाने मला वीस वर्षे गळ्यात वागवले. मोठा शिस्तीचा माणूस! रोज संध्याकाळी आधी मऊ ब्रशने धूळ झाडायची, मग कापडाने भिंगे पुसायची, मगच स्वतःचे बूट काढायचे. त्याच्याबरोबर मी कड्यावरच्या रानबकऱ्या मोजल्या, वणव्याचा पहिला धूर पाहिला. एकदा धुक्यात वाट चुकलेल्या दोन बहिणी मीच शोधून काढल्या. तेव्हा वार्षिक अहवालात त्याचा फोटो छापून आला. फोटोत त्याच्यापेक्षा मीच ठळक दिसत होते, असे त्याची बायको म्हणाली होती.

तो निवृत्त झाला आणि मी नव्या वनरक्षकाकडे गेले. हा अंगाने इतका उंच आणि सडसडीत, की सगळे त्याला बांबू म्हणत. पुढेपुढे त्याची बायको सोडून सगळे त्याचे खरे नाव विसरले, आणि ती काही नवऱ्याचे नाव घेत नसे. बांबू मनाने चांगला, नाकासमोर चालणारा माणूस होता. फक्त मला पुसायचा तो शर्टाच्या टोकाने. एका पावसाळ्यात त्याने मला ओलीच पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि दोन महिने विसरला. बाहेर आले तेव्हा माझ्या उजव्या नळीत, भिंगाच्या आतल्या बाजूला, बुरशीचा एक पांढरा डाग पडला होता. कोळ्याच्या जाळ्यासारखा. बांबूने फुंकर मारली, पुसून पाहिले, आणि "चालतंय" म्हणाला.

चालतही होते. गोष्ट बिघडली ती फुलांमुळे.

उद्यानात वरच्या खिंडीच्या अलीकडे एक कुरण आहे. तिथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला पांढरी घंटाफुले उगवतात. दुर्मीळ आहेत. एका सकाळी त्या कुरणात चाळीस खड्डे आढळले. कंद गायब. त्याच आठवड्यात कार्यालयात एक निनावी पत्र आले, की कंदांची चोरी होते आहे आणि आतलीच माणसे सामील आहेत.

रेंजरसाहेबांनी बांबूला बोलावून घेतले. मी त्याच्या छातीवर लटकत होते, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"तुझ्या हद्दीत चाळीस खड्डे पडतात आणि तुला पत्ता नाही? एक तर तू झोपा काढतोस, नाहीतर..."

साहेबांनी वाक्य पुरे केले नाही. समोरची फाइल उघडली आणि हाताने 'जा' अशी खूण केली. मित्रांनो, पुरे केलेले वाक्य माणूस परतवू शकतो. हे अर्धे 'नाहीतर' बांबूच्या छातीत काट्यासारखे रुतून बसले. बारा वर्षांच्या नोकरीत त्याने उद्यानातले एक वाळके फूलसुद्धा घरी नेले नव्हते.

त्या दिवसापासून माझे काम बदलले. बकऱ्या बाजूला राहिल्या, धूरही राहिला; बांबू माझ्यातून फक्त माणसे पाहू लागला. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकले, तरी तो मला डोळ्याला लावी. कुणी झाडीआड गेले, की घड्याळ बघत बसे. घरी मी खुंटीला असायचे. तिथे एकदा त्याची बायको म्हणाली, "अहो, तुमच्यावर कुणी संशय घेतला म्हणून तुम्ही जगावर घ्यायचा का?"

"मी कुणावर संशय घेत नाहीये. मी लक्ष ठेवतोय," बांबू म्हणाला.

"मग जेवताना माझ्या हाताकडे काय बघताय?"

तो ओशाळला. पण सवय सुटली नाही. खरे सांगायचे तर ती मलाही लागली होती. माझ्यातून दूरचे माणूस हाताच्या अंतरावर येते, पण त्याचा आवाज येत नाही. ओठ हलताना दिसतात, आणि त्यावर शब्द आपले आपण बसवायचे असतात. आम्ही दोघांनी वाईट तेवढे शब्द बसवायला सुरुवात केली.

अशात एका सकाळी ते दोघे आले. निळी लोकरीची टोपी घातलेले, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा, आणि त्यांच्याबरोबर चाळिशीची एक बाई. बाईच्या पाठीवर खाकी पिशवी होती. पिशव्या तपासायचे काम बांबूचेच, पण नेमके त्याच वेळी वॉकीटॉकीवर रेंजरसाहेब बोलत होते आणि बांबू भिंतीकडे तोंड करून "होय साहेब, होय साहेब" करत होता. तो वळेपर्यंत दोघे पायवाटेला लागले होते.

तिकीट खिडकीवर बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "विचित्रच माणसं! मी म्हटलं, पिशवी इथे टेकवा, तर दोघंही एकदम मागे सरले. खिंडीपर्यंत जाऊन संध्याकाळच्या आत परत येतो म्हणाले. या वयात खिंड!"

बांबूच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. 

"मावशी, मी फेरीवर जातो," तो म्हणाला आणि मला सरळ करून निघाला.

दिवस सुरेख होता. पाइनच्या झाडीतून ऊन तिरपे उतरत होते, वाटेवर गळलेल्या सुयांचा गालिचा होता. त्यावर बांबूच्या बुटांचा आवाजही होत नव्हता, आणि त्याला तेच हवे होते. त्यांच्यामागे दोनशे पावले ठेवून तो चालत राहिला. ओढ्यावरच्या लाकडी पुलापाशी ते दोघे थांबले. बांबू एका खोडाआड झाला आणि मला डोळ्याला लावले.

आजोबांनी आधी उजवीकडे पाहिले. मग डावीकडे. मग मागे, आमच्या दिशेने. बांबूने श्वास रोखला. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर आजोबा पुलाच्या कडेला गुडघ्यांवर बसले. बाईने पिशवीतून काहीतरी काढून त्यांच्या हातात दिले. ते चमकले.

"खुरपं!" बांबू दातांतून म्हणाला. "खुरपं आणलंय!"

उद्यानात माती उकरायला सक्त मनाई आहे. आजोबांनी दोन मिनिटे जमीन खरवडली. त्यांचे हात नेमके माझ्या उजव्या नळीतल्या पांढऱ्या डागाआड होते. बांबूने मला हलवले, चाक फिरवले, पण ते हात काही स्वच्छ दिसेनात. मग बाईने पिशवी बंद केली, आजोबांना काखेत हात घालून उठवले, आणि दोघे पुढे चालू लागले.

तेव्हाच धावत जाऊन विचारता आले असते. पण बांबूला त्यांना रंगेहाथ पकडायचे होते. "आत्ता गेलो तर म्हणतील काहीच नाही घेतलं," तो पुटपुटला. "भरू दे पिशवी. वर कुरण आहे. तिथेच धरतो." मला वाटते, रेंजरसाहेबांच्या टेबलावर भरलेली पिशवी ठेवतानाचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे तयारही झाले होते.

पुढचे तीन तास आम्ही असेच चढलो. तळ्याच्या काठी ते थांबले, पुन्हा तसेच इकडेतिकडे पाहणे, तसेच गुडघ्यांवर बसणे. तळ्यात समोरचा बर्फाचा सुळका उलटा दिसत होता. जुन्या वनरक्षकाने तो मला दर खेपेस दाखवला होता. बांबूने नजरही टाकली नाही. दगडी चढणीवर दोनदा, वाकड्या झाडापाशी एकदा, उतारावरच्या झऱ्याजवळ एकदा. दर खेपेला खुरपे, दर खेपेला पिशवी.

एक गोष्ट मात्र मला दिसली होती, ती सांगितलीच पाहिजे. सकाळी ती बाई पिशवीच्या ओझ्याने पुढे झुकून चालत होती. तळ्याच्या पुढे ती बऱ्यापैकी सरळ झाली. दुपारी तर चढावरही ताठ चालत होती. पिशवी भरत असती तर उलटे व्हायला हवे होते. बांबूच्याही डोळ्यांसमोर तेच चित्र होते, पण तो तिच्या पाठीकडे पाहतच नव्हता. तो फक्त हातांकडे पाहत होता.

आणि मी? मी दुर्बीण. मला बोलता येत नाही. पण खरे सांगते, बोलता आले असते तरी त्या दिवशी मी काही बोलले नसते. मीही त्यांना चोरच समजत होते.

कुरणात न थांबता, कडेच्या वाटेने ते खिंडीत पोहोचले. खिंड अरुंद आहे. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला सुट्या दगडांचा घसरडा उतार. बाई पिशवी आजोबांकडे देऊन खडकाला वळसा घालून पलीकडे गेली. आजोबा एकटेच उताराच्या काठाशी गुडघे टेकून बसले. त्यांच्यापुढे घंटाफुलांचा एक छोटा ताटवा होता, आणि त्यांनी खुरपे वर उचलले.

"ए! थांबा!" बांबू मोठ्याने ओरडला.

आजोबांनी मान वळवली नाही. खुरपे खाली आले.

"ऐकू येत नाही का? थांबा म्हणतोय!"

काहीच नाही. बांबूला वाटले, हा निर्ढावलेला चोर. तो धावला. मी त्याच्या छातीवर आदळत होते. मागून जाऊन त्याने पिशवीचा पट्टा पकडला आणि जोरात ओढला. पट्टा आजोबांच्या मनगटात अडकवलेला होता, हे त्याला दिसले नव्हते. आजोबा दचकले, तोल गेला आणि ते उतारावर घसरले.

मित्रांनो, पुढचे सगळे एका श्वासात झाले. सुटे दगड गडगडले. बांबूने पालथे पडून आजोबांचा कोट धरला. मी त्याच्या छातीखाली खडकावर सापडले, आणि माझी उजवी नळी फुटल्याचा आवाज मीच ऐकला. पण बांबूने कोट सोडला नाही. बुटांची टोके रोवत, इंच इंच ओढत त्याने आजोबांना वर घेतले.

बाई धावत आली. तिने आधी आजोबांचे डोके, हात, पाय चाचपले. उजवा घोटा सुजू लागला होता. मग ती बांबूकडे वळली. 

"तुम्ही त्यांना ढकललंत?"

"मी... पिशवी ओढली. मी हाक मारली होती. दोनदा!"

"त्यांना ऐकू येत नाही मागचं! एक कान गेलाय, दुसरा अर्धा आहे. समोर येऊन बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही खणत होतात," बांबू म्हणाला. पण त्याचा स्वर आता पडला होता. "सकाळपासून बघतोय मी. काय भरलंय पिशवीत?"

बाईने पिशवी उलटी केली. दोन दगड बाहेर पडले. बाकी काही नाही. दोन साधे दगड, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेले. एका तुकड्यावर शाईने लिहिले होते: 'इयत्ता चौथी. खिंड, फुलांजवळ.'

बांबू त्या अक्षरांकडे पाहत राहिला.

आजोबा घोटा धरून बसले होते. त्यांनी दम घेतला आणि म्हणाले, "मी शाळेत भूगोल शिकवायचो. दर वर्षी मुलांची सहल इथे आणायचो. दर सहलीला एक दगड उचलून वर्गातल्या फळीवर ठेवायचो, कुठून आणला ते लिहून. सव्वीस वर्षांचे सव्वीस झाले. आता शाळेनं ती खोली रिकामी केली. दगड बाहेर फेकणार होते. म्हटलं, जिथले तिथे नेऊन ठेवावेत. नीट रोवून, म्हणजे कुणाला ठेच लागणार नाही. तळच्या वाटेवरचे गेल्या खेपेला ठेवले, आज वरचे."

"मग गेटवर सांगायचं ना, आजोबा! चोरासारखं इकडेतिकडे बघत कशाला?"

आजोबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "लाज वाटली रे. सव्वीस वर्षं मुलांना सांगत होतो, निसर्गातलं काही उचलू नका. आणि त्यांच्यादेखतच उचलत होतो. कुठल्या तोंडानं सांगू?"

खिंडीच्या पलीकडून धुके चढू लागले होते. थांबणे शक्य नव्हते. बांबू आजोबांपुढे पाठ करून खाली बसला. त्या बाईने, म्हणजे आजोबांच्या सुनेने, सासऱ्यांना त्याच्या पाठीवर बसवले, दोन्ही दगड कागदात गुंडाळून पिशवीत टाकले आणि खुरपे हातात घेऊन ती मागून चालू लागली. मी तुटल्या अवस्थेत बांबूच्या गळ्यात होते, आजोबांचे हात माझ्यावरच टेकले होते.

कुरणापाशी आल्यावर आजोबांनी विचारले, "तू मला कंदचोर समजलास ना?"

बांबूने मान हलवली. मग न विचारताच सगळे सांगून टाकले. चाळीस खड्डे, निनावी पत्र, साहेबांचे 'नाहीतर'. मान मागे वळवून, आजोबांच्या अर्ध्या कानाशी तोंड नेऊन, चढ्या आवाजात.

"मला उतरव जरा," आजोबा म्हणाले.

एका खड्ड्याच्या काठाशी बसून त्यांनी आत बोट फिरवले. अर्धवट उरलेला एक कंद उचलला आणि बांबूच्या हातावर ठेवला. त्यावर दातांच्या दोन रुंद, स्वच्छ खुणा होत्या. मग गवतातून त्यांनी एक लांब काटा उचलला. काळा, पांढरा, पुन्हा काळा.

"साळिंदर?" बांबू म्हणाला. "एवढ्या उंचावर येत नाही साळिंदर."

"येत नव्हतं. हिवाळे पूर्वीसारखे राहिलेत का? तू हे खड्डे जवळून बघितले नाहीस?"

 खड्डे सापडले त्या दिवशी साहेबांनी कुरणात पाय ठेवायला सगळ्यांना मनाई केली होती. त्यानंतर बांबूने ते पाहिले होते, रोज पाहिले होते, पण पलीकडच्या टेकाडावरून. माझ्यातून.

गेटवर पोहोचलो तेव्हा परतणाऱ्या लोकांची गर्दी होती. तिकीटवाल्या मावशी पाणी घेऊन धावल्या. आजोबांना गाडीत बसवल्यावर बांबू दाराशी वाकला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, माफ करा."

"काय?" आजोबांनी कानामागे हात धरला.

"माफ करा."

"मोठ्यानं बोल."

"माफ करा!" बांबू ओरडला. सगळे लोक वळून बघू लागले. "चूक माझी होती! मी न विचारता ओढलं!"

आजोबा गालात हसले. "मला पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं. सुनेला ऐकू जायला हवं होतं."

सूनबाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. ती हसली नाही. तिने खाकी पिशवीतून दोन्ही दगड काढून बांबूच्या हातात दिले आणि म्हणाली, "कागदावर जागा लिहिलीय. ते आता नाही चढू शकणार."

दुसऱ्या दिवशी बांबूने साळिंदराचा काटा, अर्धा कंद आणि अपघाताचा अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी काटा फिरवून पाहिला. मग अहवाल वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय लिहिलंयस? 'पाय घसरून पडले' एवढं लिही. खिंडीत लोक पडतातच."

"ते पडले नाहीत, साहेब. मी ओढलं म्हणून पडले."

"असं लेखी दिलंस तर तुझी हद्द काढून घ्यावी लागेल मला."

"घ्या, साहेब."

 साहेबांनी काटा पेनांच्या डब्यात उभा केला. ते 'नाहीतर' मागे घेतील असे मला वाटले होते. बांबूलाही वाटले असावे, कारण तो दोन क्षण दाराशी थांबला. पण साहेबांनी पुढची फाइल उघडली.

ते निनावी पत्र कुणी लिहिले, हे कधी कळले नाही; बांबूची डोंगरातली फेरी मात्र गेली. तो आता गेटवर पिशव्या तपासतो. सुटीच्या पहिल्याच दिवशी तो स्वतःच्या पायांनी खिंडीपर्यंत गेला आणि दोन्ही दगड रोवून आला. मला नेले नाही. माझे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत, म्हणून मला या फळीवर ठेवले गेले.

इथून मला गेट दिसते. कुणी आले की बांबू खुर्चीवरून उठतो, चार पावले चालून त्यांच्या पुढ्यात जातो, आणि तोंडाकडे बघून म्हणतो, "नमस्कार. पिशवी बघू का?" कधीकधी लोक वैतागतात. कधीकधी मलाच वाटते, त्या पिशवीत काहीतरी असणार. जुनी सवय आहे, लगेच कशी जाईल?

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखी एखादी दुर्बीण तुमच्या घरी असेल तर तिला शर्टाने पुसू नका, ओली ठेवू नका. कोरड्या जागी, मऊ कापडात ठेवा. तिच्यातून पक्षी पाहा, सुळके पाहा, तळ्यात उलटे पडलेले डोंगर पाहा. आणि तिच्यातून कधी एखादे माणूस दिसले, आणि ते काय करते आहे ते कळेनासे झाले, तर तिला गळ्यात सोडा आणि त्याच्याकडे चालत जा. मात्र मागून जाऊ नका.